पैसे गिळणारे यंत्र आणि कायद्याचा लगाम

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी ज्या पतपेढीत कारकुनी करतो, तिथे सकाळी अकराच्या सुमारास आमच्या वसाहतीतले एक काका आले. महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर हातात झाडू धरून जे फंडाचे पैसे मिळाले, त्यातले दोन लाख चाळीस हजार रुपये त्यांनी आमच्याकडे मुदत ठेवीत ठेवलेले. एरवी आले की बाकावर बसायचे, चहा घ्यायचे, नातवाच्या शाळेचे सांगायचे. त्या दिवशी सरळ खिडकीशी आले आणि ठेवीची पावती पुढे सरकवून म्हणाले, "मोडायची आहे. पैसे आजच पाहिजेत."

"जयभीम काका. एकदम सगळी? मुदत भरायला चारच महिने राहिलेत. व्याज बुडेल की."

"बुडू दे."

"घरात कोणी आजारी आहे का?"

काका काही बोलेनात. कपाळावर घाम. शर्टाच्या खिशात मोबाइल होता आणि तो चालू होता. पलीकडे कोणीतरी आमचे बोलणे ऐकत होते. मी एका चिठ्ठीवर लिहिले, 'फोनवर कोण आहे?' आणि चिठ्ठी पुढे केली. काका बेताचेच शिकलेले, पण तेवढे त्यांनी वाचले. ओठ हलले, "पोलीस."

पुढचे वाचकांना सांगायला नको. 'तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कोणाला सांगाल तर मुलालाही आत टाकू,' अशी धमकी देऊन दोन दिवस काकांना फोनला जखडून ठेवले होते. मी फोन घेतला, बंद केला आणि त्यांच्या मुलाला बोलावून घेतले. ठेव वाचली.

वसाहतीत माझे कौतुक झाले. पण मला ते पटले नाही. काकांचे पैसे माझ्या हुशारीने वाचले नाहीत. खिडकीच्या आत एक माणूस बसलेला होता आणि त्याने 'कशाला?' एवढेच विचारले, म्हणून ते वाचले. खिडकीत माणूसच नसता तर?

हा प्रश्न मनात घोळत असतानाच अमेरिकेतील एका धंद्याविषयी वाचनात आले. तिथे अशाच म्हाताऱ्या माणसांना, अशाच धमक्या देऊन, खिडकीपुढे नव्हे तर एका यंत्रापुढे उभे केले जाते. यंत्र काही विचारत नाही. नोटा घेते आणि गिळते. आता तिथली राज्य सरकारे त्या यंत्राला लगाम घालू लागली आहेत आणि यंत्रांचे मालक 'आमचा धंदा बुडाला' म्हणून ओरडत आहेत. यात कोणाचे किती खरे, हे आपण कष्टकऱ्यांनीही समजून घेण्यासारखे आहे.

खिडकी नसलेली पेढी

हे यंत्र दिसायला बँकेच्या एटीएमसारखेच असते. त्याला क्रिप्टो किऑस्क किंवा बिटकॉइन एटीएम म्हणतात. सर्वसामान्यांसाठी असे पहिले यंत्र ऑक्टोबर २०१३ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर शहरात, एका कॉफीच्या दुकानात बसले. २०२५ पर्यंत एकट्या अमेरिकेत त्यांची संख्या तीस हजारांच्या आसपास गेली. पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, दारूच्या दुकानात, जिथे साधी माणसे रोज जातात तिथे ती उभी असतात.

बँकेचे एटीएम आपल्याला आपलेच पैसे देते. हे यंत्र उलटे आहे. यात आपण रोख नोटा घालायच्या आणि त्याबदली बिटकॉइनसारखे आभासी चलन घ्यायचे. हे चलन हातात येत नाही. ते संगणकावरच्या एका खात्यात जमा होते. त्या खात्याला वॉलेट म्हणजे पाकीट म्हणतात. कोणत्या पाकिटात जमा करायचे हे यंत्राला कळावे म्हणून क्यूआर कोड दाखवायचा. चौकोनी ठिपक्यांचे ते चित्र आता आपल्या भाजीवाल्या मावशीच्या टोपलीवरही असते.

फसवणूक नेमकी इथेच होते. भामटा फोनवरून म्हाताऱ्या माणसाला सांगतो, 'बँकेतले पैसे धोक्यात आहेत, काढा आणि सरकारच्या सुरक्षित खात्यात भरा.' सोबत क्यूआर कोड पाठवतो. तो कोड अर्थातच भामट्याच्या पाकिटाचा. एकदा चलन त्या पाकिटात गेले की परत फिरवता येत नाही. चेक असता तर थांबवला असता. इथे थांबवायला कोणी नाही.

यंत्राच्या मालकाला मात्र दलाली मिळते. ती दोन प्रकारे. एक उघड आकार, आणि दुसरी चलनाचा भावच चढा लावून. कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळातील कर्मचाऱ्यांनी सॅक्रामेंटो शहरातील एक यंत्र तपासले, तेव्हा काही चलनांवर ३३ टक्क्यांपर्यंत चढा भाव आढळला. एरवीची दलाली १२ ते २५ टक्के. काही यंत्रांवर दिवसाला ५० हजार डॉलर भरण्याची मुभा होती. आपल्या गल्लीतला सावकारही एका हाताने पैसे घेताना चौथा हिस्सा कापून घेत नाही.

आकडे काय सांगतात

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये जाहीर केलेली माहिती अशी. या यंत्रांतून झालेल्या फसवणुकीची नोंदलेली रक्कम २०२० ते २०२३ या तीन वर्षांत जवळजवळ दहापट झाली आणि २०२३ मध्ये ११ कोटी डॉलरच्या वर गेली. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच ती साडेसहा कोटी डॉलरच्या पुढे होती. साठीच्या पुढची माणसे तरुणांच्या तिपटीहून अधिक प्रमाणात फसली. फसलेल्यांची रकमेप्रमाणे रांग लावली, तर मधल्या माणसाचे नुकसान दहा हजार डॉलर, म्हणजे आपले सुमारे नऊ लाख रुपये. एफबीआय या तपास यंत्रणेकडे २०२४ या एका वर्षात अशा सुमारे ११ हजार तक्रारी आल्या आणि बुडालेली रक्कम २४ कोटी डॉलरहून अधिक होती.

ही झाली तक्रार करणाऱ्यांची गोष्ट. लाजेने गप्प बसणारे त्यात नाहीत. आमचे काकाही पोलिसांत जायला तयार नव्हते. "लोक हसतील," म्हणाले.

सरकारे जागी झाली

कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केला. १ जानेवारी २०२४ पासून एका ग्राहकाकडून एका दिवसात एक हजार डॉलरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून दलाली पाच डॉलर किंवा १५ टक्के, यांपैकी जी जास्त असेल तेवढीच. व्यवहाराआधी भाव आणि आकार स्पष्ट दाखवायचा. नंतर पावती द्यायची.

व्हरमाँट या लहान राज्याने २०२४ मध्ये आणखी कडक पाऊल उचलले. दिवसाची मर्यादा एक हजार डॉलर, दलाली पाच डॉलर किंवा ३ टक्के यांपैकी जास्त असेल ती, आणि नवी यंत्रे बसवायला काही काळ बंदी. मिनेसोटाने त्याच वर्षी नव्या ग्राहकाला दिवसाला दोन हजार डॉलरची मर्यादा घातली. नवा ग्राहक फसला आणि त्याने चौदा दिवसांच्या आत कळवले, तर कंपनीने पैसे परत द्यायचे, असेही ठरवले. २०२५ मध्ये आयोवा, नेब्रास्का, ॲरिझोना, इलिनॉय अशा राज्यांनीही आपापले कायदे केले. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहराने तर जून २०२५ मध्ये शहरातून ही यंत्रे काढूनच टाकण्याचा ठराव केला.

अमेरिकेबाहेरही तेच वारे आहे. सिंगापूरने जानेवारी २०२२ मध्ये सार्वजनिक जागी अशी यंत्रे नकोत असे सांगताच मालकांना ती बंद करावी लागली. ब्रिटनमध्ये एकाही यंत्राला परवाना नव्हता. तरी बेकायदा यंत्रे चालवणाऱ्या एका इसमाला फेब्रुवारी २०२५ मध्ये चार वर्षांची कैद झाली. ऑस्ट्रेलियाने जून २०२५ मध्ये रोख रकमेवर पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची मर्यादा घातली. न्यूझीलंडने जुलै २०२५ मध्ये सरसकट बंदी घालण्याचे जाहीर केले.

मालकांची बाजू

न्याय करायचा तर दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. यंत्रांच्या मालकांचे म्हणणे असे की, आम्ही काही चोर नाही. यंत्र विकत घ्यावे लागते. दुकानदाराला दर महिन्याला जागेचे भाडे द्यावे लागते. रोकड नेणाऱ्या गाडीचा खर्च, विमा, परवाने, तपासणीचा नोकरवर्ग, हे सगळे दलालीतूनच भागवायचे. त्यात प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. कुठे मर्यादा हजाराची, कुठे दोन हजारांची. कुठे दलाली पंधरा टक्के, कुठे तीन. शेकडो यंत्रे असलेली कंपनी वकील ठेवू शकते. दोन-चार यंत्रे टाकून पोट भरणारा लहान मालक मात्र उठतो.

त्यांचा आणखी एक मुद्दा असा की, ज्यांचे बँकेत खातेच नाही, जे रोजंदारीवर रोख कमावतात, त्यांची सोय आम्हीच करतो.

यातला पहिला मुद्दा मी मान्य करतो. लहान मालकाचे नुकसान होते हे खरे आहे. ज्या दुकानदाराला कोपरा भाड्याने देऊन महिन्याला चार पैसे मिळत होते, त्याचेही होते. कायदा करताना मोठा मासा आणि लहान मासा एकाच जाळ्यात सापडतात हे आपण इथेही पाहतो. लहान मालकाला नियम समजावून सांगणारा, थोडी मुदत देणारा कायदा हवा.

परंतु दुसरा मुद्दा मला पटत नाही. गरिबाची सोय म्हणायची आणि शंभरातले पंचवीस कापून घ्यायचे, ही कसली सोय? हीच भाषा आपल्या वाडवडिलांनी सावकाराच्या तोंडून ऐकली आहे. 'बँक तुला दारात उभी करत नाही, मीच उभा करतो,' असे म्हणतच तो अंगठा घेत असे.

हिशेब मांडून पाहू

मी वाणिज्य शाखेचा माणूस. एखाद्या धंद्याचा खरा चेहरा पाहायचा तर खतावणी उघडावी, असे आम्हाला शिकवले.

समजा, एक आजी घाबरून दहा हजार डॉलर घेऊन यंत्रापाशी आली. दलाली २५ टक्के. कायदा नसताना अर्ध्या तासात सगळे पैसे आत गेले. मालकाला मिळाले अडीच हजार डॉलर, भामट्याला साडेसात हजार. आजीला काही नाही.

आता कायदा आला. त्या दिवशी यंत्र फक्त एक हजार घेणार. दलाली १५ टक्के, म्हणजे दीडशे. मालकाच्या गल्ल्यात अडीच हजारांच्या जागी दीडशे. तो ओरडणार, हे साहजिकच आहे. पण आजीकडे काय उरले पाहा. नऊ हजार डॉलर, आणि त्याहून मोठी गोष्ट, वेळ. सगळी रक्कम त्या यंत्रात भरायला तिला दहा दिवस लागतील. दहा दिवसांत मुलीचा फोन येतो, शेजारीण विचारते, भीती ओसरते.

म्हणजे ही मर्यादा केवळ रकमेची नाही. खिडकीतला कारकून 'कशाला?' विचारून जी पाच मिनिटे मिळवून देतो, तीच पाच मिनिटे कायद्याने यंत्राकडून वसूल केली आहेत. पावतीचेही तसेच. पावती म्हणजे मी पैसे घेतले याची कबुली. ज्याला पावती द्यायची नसते, त्याला जाब द्यायचा नसतो.

आणि ज्याला खरोखरच शंभर-दोनशे डॉलरचे चलन घ्यायचे आहे, त्या प्रामाणिक गिऱ्हाइकाला या मर्यादेने काही त्रास होत नाही. उलट दलाली कमी झाली. मग मालकाचे नुकसान झाले ते कोणत्या गिऱ्हाइकामुळे? मोठी रक्कम एकदम भरणाऱ्या. ती मोठी रक्कम कोण भरत होते? याचे उत्तर शोधायला सरकारी वकील कोर्टात गेले आहेत.

वॉशिंग्टन डी. सी. च्या महाधिवक्त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये अथीना बिटकॉइन या कंपनीवर दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की, तिथल्या यंत्रांत पहिल्या पाच महिन्यांत पडलेल्या रकमेपैकी ९३ टक्के फसवणुकीची होती, फसलेल्यांचे मधले वय ७१ होते आणि २६ टक्क्यांपर्यंतची दलाली नीट सांगितलीच जात नव्हती. आयोवाच्या महाधिवक्त्यांनीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बिटकॉइन डेपो आणि कॉइनफ्लिप या दोन मोठ्या कंपन्यांवर असेच दावे लावले. हे आरोप आहेत. कंपन्यांना ते मान्य नाहीत आणि निवाडा कोर्टाचा. पण एवढे आपण म्हणू शकतो की, दिवसाला हजार डॉलरच्या मर्यादेने जो धंदा बुडतो, त्याने आपली कमाई कुठून येत होती ते स्वतःला विचारावे.

कायदा कागदावर राहू नये

कायदा झाला म्हणजे काम झाले, असे मानण्याचे कारण नाही. किमान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९४८ पासून आहे. किती बिगारी कामगारांच्या हातात ते वेतन पडते ते आपण जाणतो. कायद्यामागे तपासनीस लागतो.

कॅलिफोर्नियात तेच दिसले. मर्यादा २०२४ मध्ये आली, तरी ती पाळली जात नव्हती. शेवटी जून २०२५ मध्ये तिथल्या वित्त खात्याने कॉइनमी या कंपनीला तीन लाख डॉलर भरायला लावले. रोजच्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम घेतली आणि पावतीवर हवी ती माहिती दिली नाही, हा ठपका. त्या तीन लाखांतले ५१ हजार ७०० डॉलर फसलेल्या एका वृद्ध व्यक्तीला परत द्यायचे ठरले. दंडाची रक्कम नुसती सरकारी तिजोरीत न जाता थोडी तरी त्या वृद्धाच्या हातात पडली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आपला काय संबंध?

कोणी म्हणेल, अमेरिकेच्या यंत्राशी आपल्या वसाहतीचा काय संबंध? संबंध दोन आहेत.

पहिला असा. भारतात हे यंत्र एकदा आले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये युनोकॉइन कंपनीने ते बसवले. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी एप्रिलमध्ये बँकांना अशा चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले होते. पोलिसांनी यंत्र जप्त केले, कंपनीच्या दोन संस्थापकांना अटक झाली. पुढे ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे ते परिपत्रक रद्द केले. २०२२ पासून या चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि मार्च २०२३ पासून हा धंदा करणाऱ्यांना काळा पैसा रोखण्याचा कायदा लागू आहे. आपल्याकडे या यंत्रांचे पेव फुटले नाही. पण यंत्राचे रूप बदलते. उद्या ते आपल्याच मोबाइलमध्ये बसेल, नव्हे, बसलेच आहे. बटण दाबले की पैसे गेले. 'कशाला?' विचारणारा कोणी नाही.

दुसरा संबंध अधिक दुखरा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली तरुण मुले अमेरिकन कर अधिकारी असल्याचे सोंग करून तिकडच्या लोकांना अटकेची भीती घालत. तेव्हा पैसे भेटकार्डांतून मागत, पुढे भामट्यांना हे यंत्र सापडले. रात्रपाळी, बरा पगार, इंग्रजी बोलायला मिळते, म्हणून गेलेली ती आपल्यासारख्याच घरांतली मुले होती. मुलगा नोकरीला लागला की आपण पेढे वाटतो. तो तिथे नेमके काय बोलतो, हेही आईवडिलांनी एकदा विचारावे.

घरात पाळायच्या गोष्टी

वाचकहो, कायदा होईल तेव्हा होईल. तोवर खिडकीतला कारकून आपणच एकमेकांसाठी व्हायचे आहे.

एक, 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलीस, कस्टम किंवा कोर्ट फोनवरून पैसे मागत नाही.

दोन, 'कोणाला सांगू नका' असे जो म्हणतो तो भामटा समजावा आणि आधी घरात सांगावे.

तीन, मोठी रक्कम हलवण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. घाई भामट्याला असते, आपल्याला नसते.

चार, पैसे गेलेच तर लाजू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

पाच, घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी रोज दोन शब्द बोलावे. भामटा त्यांच्याशी दोन दिवस बोलत राहतो, कारण दुसरे कोणी बोलत नसते.

काकांची ठेव चार महिन्यांनी पुरी भरली. व्याजासह रक्कम घ्यायला आले, तेव्हा बाकावर बसून चहा घेतला. त्यांनी विचारले, "त्या दिवशी तू चिठ्ठी नसती लिहिली तर?"

मी म्हटले, "काका, तुम्ही ती वाचली नसती तर?"

ते हसले. मग खिशातून नव्या ठेवीचा अर्ज काढून म्हणाले, "लाव परत. आणि आता कोणी मोडायला आलं, मी जरी आलो तरी, विचार."